खैरीटोल्याच्या तलावातला कृमी

धनराजचा फोन आला तेव्हा निरुपमा वलथरे नागपुरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर चादर वाळत घालत होती. सकाळी नऊला धाकटा भाऊ कधी फोन करत नसे. त्या वेळी तो कमरेएवढ्या पाण्यात असे.

“बाई, तलाव बंद केला त्यायनं,” तो म्हणाला.

“कोणी?”

“मत्स्य-आरोग्यवाल्यायनं. चारी अंगानं लाल पट्ट्या मारल्या. म्हणते, पान्यात लिव्हरचा किडा हाय, कॅन्सर करनारा. पंधरा दिवसांनी औषध सोडनार, सारे मासे, सारे शिंपले मारनार. मंग सात वर्षं जाळं टाकाचं नाही. आन् अनसूयेचं दुखनंही त्याच किड्याचं म्हणून रायले.”

अनसूया म्हणजे धनराजची बायको. महिनाभरापासून तिला कावीळ होती आणि आठवड्यापूर्वीच तिला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात दाखल केलं होतं. पित्तनलिका एके ठिकाणी अरुंद झाली आहे, एवढं छायाचित्रात दिसलं होतं. का झाली, ते डॉक्टरांना नक्की सांगता येत नव्हतं. आता तलावाचा अहवाल आल्यावर त्यांनी दोन आणि दोन चार केले होते. येत्या अकरा दिवसांत मोठी शस्त्रक्रिया. यकृताचा एक भाग काढावा लागणार होता.

निरुपमाने ओली चादर तशीच पिळ्यासह बादलीत टाकली आणि गोंदियाची गाडी किती वाजता आहे ते पाहायला ती खाली आली.

२०४४ सालच्या त्या उन्हाळ्यात जनुकवाचक कुणाला नवा राहिला नव्हता. तंबाखूच्या डबीएवढं ते यंत्र. तलावाचं चमचाभर पाणी त्यात सोडलं की वीस मिनिटांत त्या तलावात काय काय जगतंय त्याची यादी पडद्यावर येई. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव कातडीचे, बुळबुळीचे, विष्ठेचे कण मागे सोडत असतो, आणि त्या कणांत त्याची जनुकं असतात. यंत्र त्यातला एक ठरावीक, सहाशे अक्षरांचा तुकडा वाचतं, देशाच्या संदर्भकोशातल्या लाखो तुकड्यांशी ताडून बघतं आणि सर्वांत जवळच्या तुकड्यावर जे नाव असेल ते दाखवतं.

याआधी माशातला चपटा कृमी ओळखायला आठवडा लागायचा. मासा चिरून कृमी काढायचा, दोन काचांमध्ये अलगद दाबून सपाट करायचा, लाल रंगात रंगवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याची चूषकं, वृषण, अंडाशय, नळ्या, ग्रंथी एकेक करून पाहायच्या. तो आठवडा वाचला याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. प्राणिशास्त्राचे विभाग हळूहळू बंद पडले. निरुपमा ज्या महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं शिकवत होती तिथलाही विभाग सहा वर्षांपूर्वी मिटला आणि ती वेळेआधी निवृत्त झाली.

खैरीटोल्याला ती दुपारी पोचली. मासेमारी करणाऱ्या ढिवरांची साठ-सत्तर घरं, पलीकडे तलावाची उंच पाळ. एरवी या वेळी पाळीवर जाळी सुकत पडलेली असत. आज तिथे लाल पट्ट्या वाऱ्यावर फडफडत होत्या आणि माणसं घरांच्या सावलीत नुसती बसली होती. धनराज मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. त्याने बहिणीला पाणी दिलं आणि सांगायला सुरुवात केली. बाजारात खैरीटोल्याचं नाव ऐकताच गिऱ्हाईक पुढे जातं. नान्ह्यांच्या पोरीचं ठरलेलं लग्न पलीकडच्यांनी थांबवलं. लोक आपापल्या पोटावर हात ठेवून झोपतात.

“गावातल्या लोकायची संडास तपासली,” तो म्हणाला. “एकसष्ट जनाची. चव्वेचाळीस जनायच्या पोटात किडा निंगला. माह्याही.”

समाजमंदिरात जिल्हा मत्स्य-आरोग्य अधिकारी अबोली हेडाऊ बसली होती. वय एकोणतीस. तीन दिवस ती गावात मुक्काम करून होती, आणि लोकांची नजर चुकवायचा ताण तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. निरुपमाने आपली ओळख सांगितली तशी ती उठून उभी राहिली.

“मॅडम, मी स्वतः तीनदा पाणी तपासलं. माशांच्या मांसातल्या गाठीसुद्धा तपासल्या. जुळणी नव्व्याण्णव पूर्णांक सहा टक्के. यात शंकेला जागाच नाही हो.”

“कशाशी जुळणी?”

“म्हणजे?”

“कोशातल्या कुठल्या नोंदीशी? यंत्र नाव सांगतं, पण ते नाव कुणाच्या नमुन्यावरून आलंय ते मागे कुठेतरी असेल ना?”

अबोलीने तो भाग कधी उघडलाच नव्हता. दोन-तीन ठिकाणी चाचपडल्यावर तिला तो सापडला. तिने पडदा निरुपमाकडे वळवला.

नमुना: पाणकावळ्याच्या पित्तनलिकेतला प्रौढ कृमी. ठिकाण: खैरीटोला तलाव. वर्ष: २०१२. ओळख पटवणार: एन. वलथरे.

निरुपमाने ते दोनदा वाचलं.

“अरे वा, तुमचाच नमुना!” अबोली म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता. “मग तर प्रश्नच मिटला.”

निरुपमाला तो पाणकावळा आठवला. धनराजच्या जाळ्यात अडकून मेलेला. तो त्यानेच पिशवीत घालून तिला आणून दिला होता, कारण ताईला किडे लागतात हे तेव्हा साऱ्या गावाला माहीत होतं. त्याच्या यकृतात पाच कृमी निघाले. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते. चार कृमी छान सपाट झाले, पण पाचवा काचेखाली पिळवटला. ते चांगले चार घाईत बिघडायला नकोत, मागाहून नीट रंगवू म्हणून तिने मेण लावून बाटलीत ठेवले, आणि तो पिळवटलेलाच घाईघाईने रंगवून पाहिला. मधली नळी नागमोडी दिसली, वृषण फाटल्यासारखे दिसले. माणसाच्या यकृतकृमीच्या कुळात बसतो असं तिने लिहून टाकलं आणि त्याच्या शेपटीचा कण जनुकवाचनाला पाठवला. ते ‘मागाहून’ पुढे कधी आलंच नाही.

आणि त्या एका ओळीवर बत्तीस वर्षांनी हे गाव बंद पडलं होतं.

संध्याकाळी धनराजने विचारलं, “काय वाटते, बाई? काही होईल का?” तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मला कॉलेजात जाऊन काही बघायचंय. चार दिवस दे.” खरं सांगायला तिची जीभ रेटेना. आधी खात्री तर होऊ दे, असं तिने स्वतःला समजावलं. पण ती सबब आहे हे तिला कळत होतं.

विभागाचं सामान जिन्याखालच्या खोलीत कोंबलेलं होतं. शिपाई देवाजी गेडाम तिचा जुना ओळखीचा. दोघांनी मिळून खुर्च्या बाजूला ओढल्या, फुटलेल्या काचपेट्या हलवल्या. सापांच्या बरण्यांमागे तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांचा लाकडी खोका निघाला. मेण पिवळं पडलं होतं, पण फुटलं नव्हतं. अल्कोहोलात चार पांढुरके, सपाट कृमी. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे.

तिने जराही घाई केली नाही. प्रत्येक कृमीच्या कडेचा एक कण आधी वेगळ्या नळीत काढून ठेवला, म्हणजे शरीर आणि जनुक एकाच जिवाचं आहे याबद्दल कुणाला बोलायला नको. मग उरलेलं शरीर लाल रंगात घातलं, जास्तीचा रंग धुतला, टप्प्याटप्प्याने पाणी काढलं, लवंगेच्या तेलात पारदर्शक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात तिने खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडला आणि डोळा लावला.

वृषण दोन. गोल, गुळगुळीत, मटारच्या दाण्यांसारखे. माणसाच्या यकृतकृमीत ते फांद्या फुटल्यासारखे असतात. उत्सर्जनाची नळी दोन्ही वृषणांवरून सरळ रेषेत गेलेली. माणसाच्या कृमीत ती त्यांच्यामधून नागमोडी वाट काढते. पीतकग्रंथी, म्हणजे अंड्यांना पोषण पुरवणाऱ्या ग्रंथी, पोटाच्या चूषकाच्याही पुढे सुरू झालेल्या; माणसाच्या कृमीत त्या त्याच्या मागे सुरू होतात. एकेक करून तिने चारही पाहिले. चारही तसेच. मग जुनी काच काढून तो पाचवा पाहिला. आता कळत होतं की पिळा पडल्यामुळे सरळ नळी वाकडी दिसली आणि गोल वृषण चुरगळल्यासारखा दिसला. पक्ष्यांमध्ये राहणारा, अजून कुणी नाव न दिलेला हा वेगळाच कृमी होता.

धावत जाऊन सांगावंसं वाटत होतं आणि कुठेतरी लपून बसावंसंही वाटत होतं.

खैरीटोल्याला आणलेल्या काचा अबोलीने पाहिल्या, पण तिला त्यांत लाल ठिपक्यांपलीकडे काही समजेना. ती अडली ती दुसऱ्याच ठिकाणी. “मॅडम, समजा हा पक्ष्याचा कृमी आहे. मग तो चव्वेचाळीस माणसांच्या शौचात कसा आला?”

“तो आला की त्याची जनुकं आली?” निरुपमाने विचारलं. “ही माणसं रोज मासे खातात. माशाच्या मांसात या कृमीच्या पिल्लांच्या गाठी असतात. शिजवल्यावर पिल्लू मरतं, पण जनुकांचे तुकडे पोटातून तसेच बाहेर पडतात. यंत्राला ते तुकडे दिसले. जिवंत कृमी पित्तनलिकेत असता तर त्याने रोज हजारो अंडी घातली असती. अंडी पाहिली का कुणी?”

अबोली म्हणाली, “अंडी कशी दिसतात?”

गावच्या हायस्कुलात दोन सूक्ष्मदर्शक धूळ खात होते. दोघींनी ते पुसले, आणि एकसष्ट लोकांनी नाकं मुरडत पुन्हा नमुने दिले. पाण्यात ढवळायचं, गाळायचं, तळाचा गाळ काचेवर घ्यायचा. माणशी तीन काचा. पहिल्या तासात अबोलीने चारदा “सापडलं!” म्हणून हाक मारली. दोनदा तो हवेचा बुडबुडा होता, एकदा परागकण, एकदा मिरचीचं साल. दुपारपर्यंत तिची नजर बसली. निरुपमाने कॉलेजशेजारच्या वैद्यकीय संग्रहातून आणलेली, माणसाच्या यकृतकृमीची खरी अंडी तिला दाखवली होती, झाकण असलेल्या बारक्या गडूसारखी, तपकिरी. तशी काही दिसतात का, हे दोघी दोन दिवस शोधत राहिल्या. वर्गाच्या खिडकीबाहेर सारं गाव उभं होतं.

शेवटची काच अनसूयेची होती. तो नमुना धनराजने दवाखान्यातून आणला होता. ती निरुपमाने स्वतः पाहिली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मग पुन्हा उलटी. तिच्या मानेला रग लागली.

“काही नाही,” ती म्हणाली. “एकही नाही.”

अबोलीने खुर्चीत मागे टेकून दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. पण ती रडत बसली नाही. निरुपमाने जपून ठेवलेले चार कण तिने त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी वंशवृक्षाचा कागद घेऊन आली. यंत्र फक्त नाव दाखवतं. वंशवृक्ष कोण कुणापासून किती लांब ते दाखवतो. माणसाचे यकृतकृमी एका फांदीवर दाटीने बसले होते. खैरीटोल्याच्या तलावातले कृमी आणि पाणकावळ्यातले चारही कृमी पार दुसऱ्या फांदीवर, एकमेकांना चिकटून. सहाशे अक्षरांतली जवळजवळ नव्वद अक्षरं वेगळी.

“यंत्र चुकलं नाही,” अबोली हळूच म्हणाली. “त्याने बरोबर तुकडा ओळखला. त्यावर चिठ्ठी चुकीची होती.”

“चिठ्ठी माझी होती.”

अबोलीने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. “मॅडम, दुरुस्तीच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. ‘तांत्रिक’ एवढं लिहिलं तरी चालतं. तुमचं नाव कुठे येणार नाही. तलाव सुटला, लोक सुटले. पुरे नाही का?”

निरुपमाला तो रकाना क्षणभर फार आपुलकीचा वाटला. अठ्ठावीस वर्षं शिकवलेले विद्यार्थी, प्रबंध, नाव. ढिवरांच्या घरातून आलेली पहिली डॉक्टरेट म्हणून गावाने काढलेली मिरवणूक. मग तिने विचारलं, “या नोंदीवरून आणखी कुठे बंद झाले तलाव?”

अबोलीने शोधलं. तीन ठिकाणी तपासणी चालू होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तलावात मागच्या वर्षी औषध सोडून झालं होतं.

“मग तिथल्या लोकांना कोण सांगणार? तांत्रिक?” निरुपमा म्हणाली आणि अर्ज पुढे ओढला. रकान्यात तिने लिहिलं: मूळ ओळख अपुऱ्या तपासणीवर केली होती. चूक माझी. खाली पूर्ण नाव आणि सही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण अंड्यांचा अहवाल आणि वंशवृक्ष पाहिल्यावर त्यांनी यकृताला हात लावण्याआधी दुर्बिणीने नलिका पाहायचं ठरवलं. धनराज बाहेरच्या बाकावर बसला होता, निरुपमा त्याच्या शेजारी. पाऊण तासाने परिचारिकेने एका वाटीत हरभऱ्याएवढा काळपट खडा आणून दाखवला. नलिका त्याच्यामुळे सुजून अरुंद झाली होती. कृमी नाही, कॅन्सर नाही.

“एवढासा?” धनराज म्हणाला. त्याने वाटीत वाकून पाहिलं, मग गमछ्यात तोंड खुपसून बराच वेळ तसाच बसला. निरुपमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सांगायची वेळ आता पुढे ढकलता येणार नव्हती, आणि तिने तिथेच, त्या बाकावर, त्याला सगळं सांगितलं.

त्याने गमछा खाली केला. “म्हंजे तुले पयल्या दिवशीच कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“आन् मले सांगतलं नाही.”

“भीती वाटली, धनराज.”

तो उठून पाणी प्यायला गेला आणि परत आला तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

बंदी उठल्याचा आदेश तेराव्या दिवशी आला. समाजमंदिरात अबोलीने तो मोठ्याने वाचला. टाळ्या पडल्या, कुणीतरी शिटी मारली. निरुपमा उभी राहिली आणि हात वर केले, तेव्हा लोकांना वाटलं ती भाषण करणार.

“थांबा,” ती म्हणाली. “हे जे झालं ते यंत्रामुळे नाही, आणि या अबोली मॅडममुळेही नाही. बत्तीस वर्षांपूर्वी त्या किड्याला मी चुकीचं नाव दिलं. घाईत होते. नीट पाहिलं नाही. तुमचे तेरा दिवस माझ्यामुळे गेले.”

नान्ह्यांच्या पोरीच्या बापाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग पुढच्या रांगेतून ऐंशी वर्षांच्या सगुणाबाई काठीवर जोर देत उठल्या.

“म्हंजे माह्या पोटात किडा नाही?”

“नाही, आजी. मी स्वतः पाहिलंय.”

“पक्कं?”

“तीन काचा पाहिल्या तुमच्या.”

“मंग एवढं तोंड पाडून काऊन उभी हायस व, पोरी?” सगुणाबाई म्हणाल्या. “तेरा दिस झाले, मी मरनार म्हणून सून मले साखरेचा चहा देऊन रायली. तो आता बंद होईल, तेवढंच नुकसान.”

आधी मागच्या बायका हसल्या, मग सगळेच. नान्ह्यांच्या पोरीच्या बापाला लगेच हसू आलं नाही. तो पुढे आला आणि म्हणाला, “पोरीच्या सासरी तुमीच चला, म्याडम. हेच तिथं सांगा.” निरुपमा म्हणाली, उद्याच जाऊ. सोमवारी तिला त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या तलावावर जायचं होतं. तिथे कुणी हसणार नाही हे तिला माहीत होतं. पण काय सांगायचं ते आता तिच्या तोंडात बसलं होतं.

सभा सुटल्यावर ती पाळीवर गेली. माणसं लाल पट्ट्या ओढून गोळा करत होती. धनराज जाळं खांद्यावर टाकून पाण्याशी उभा होता. ती जवळ आली तरी त्याने मान वळवली नाही.

“त्या पानकावळ्याले काही करते का हा किडा?” त्याने विचारलं.

“थोडंफार. मरत नाही तो.”

“आन् नाव? आता याले नाव तुलेच द्या लागंल ना?”

“हो.”

“यावेळी सावकाश दे,” तो म्हणाला, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या मिशीखाली हसू हललं. “घाई नाही कोनाले. मी मासे काढतो तोवर बस इथं. अनसूयेचा फोन येईल, काय घावलं म्हणून इचारंल.”

तो पाण्यात उतरला. गुडघा, मांडी, कंबर. पलीकडून आणखी आठ-दहा जण उतरले आणि एकमेकांना हाका मारत जाळं पसरवू लागले. बायका टोपल्या घेऊन पाळीवर येत होत्या. निरुपमा गवतात बसली. जाळ्याचा घेर आवळत आला, पाण्याच्या कडेला चंदेरी खळबळ उडाली, आणि तिला जाणवलं की आपल्याला कडकडून भूक लागली आहे.